गळाची दोरी: सोमेश्वर राजापासून आठ पदरी ब्रेडपर्यंत

आजचा भाग एका प्रश्नातून निघालाय. धरणावर मासे पकडायला जाणारा पुण्यातला कुठलाही पोरगा पहिल्या महिन्यात हा प्रश्न विचारतोच: "स्पिनिंग रीलवर कुठली ब्रेडेड लाइन लावू? चार पदरी की आठ पदरी?" आधीच सांगून टाकतो, इथे रील म्हणजे इन्स्टावरची नाही आणि ब्रेडचा वडापावशी काही संबंध नाही. ब्रेड म्हणजे वेणी. बारीक धाग्यांची घट्ट वेणी घालून केलेली गळाची दोरी.

या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता येतं, आणि यूट्यूबवर ते हजार वेळा दिलेलंही आहे. पण मी पडलो इंजिनियर. एखादी गोष्ट आज अशी का आहे हे कळल्याशिवाय ती विकत घ्यायला हात धजत नाही. म्हणून आज आपण दोरीचाच इतिहास बघणार आहोत. त्यात एक गंमत आहे. प्रत्येक नव्या दोरीने जुन्या दोरीचा एक दोष काढला आणि त्या बदल्यात काहीतरी हातचं सोडलं. आपण काय सोडलंय हे कळलं, की दुकानात उभं राहून गोंधळायला होत नाही. आणि जी गोष्ट आपण सगळ्यात शेवटी सोडली, तिचा हिशोब अजून चुकता व्हायचाय. तिथे आपण शेवटी येऊ.

राजाचा छंद

सुरुवात लांबून नाही, शेजारूनच करू. उमरग्याच्या पलीकडे, कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. एकेकाळी हे कल्याणीच्या चालुक्यांचं राजधानीचं गाव. तिथे १२ व्या शतकात सोमेश्वर तिसरा नावाचा राजा होऊन गेला. बिरुद 'भूलोकमल्ल', पण गड्याला खरा रस होता तो जगातल्या यच्चयावत विषयांत. ११२९ च्या आसपास त्याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्य कसं चालवावं, हत्ती कसे ओळखावेत, स्वयंपाक, संगीत, खेळ, सगळं त्यात आहे. एकूण शंभर अध्याय. आजच्या भाषेत सांगायचं तर एका माणसाचा विकिपीडिया.

त्यात 'मत्स्यविनोद' नावाचा एक अध्याय आहे, म्हणजे मासे पकडण्याचा छंद. पोटासाठी नाही, मन रमवण्यासाठी. कोणता मासा काय खातो, एका जागी मासे जमावेत म्हणून त्यांना आधीपासून चारा कसा घालायचा, गळ कसा, दोरी कशी, याचा विचार राजाने केलाय. मासेतज्ज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या अध्यायावर इंग्रजीत लेख लिहिला, तेव्हा तो आधुनिक प्राणिशास्त्राच्या नजरेत आला. इंग्लंडमध्ये गळाच्या छंदावरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक, आयझॅक वॉल्टनचं 'द कम्प्लीट अँगलर', छापलं गेलं १६५३ मध्ये. सोमेश्वर त्याच्या पाचशे वर्षं आधीचा.

अजून एक योगायोग. याच ग्रंथाच्या संगीताच्या भागात जुन्या मराठीतली पदरचना आहे. मराठीच्या सगळ्यात जुन्या पद्यांमध्ये ती धरतात. त्यात विष्णूच्या कुठल्या रूपाचा उल्लेख यावा? मत्स्यरूपाचा. म्हणजे आपल्या भाषेतली सुरुवातीची गाणी आणि गळाच्या छंदावरचा इतका जुना अध्याय एकाच पोथीत बांधलेत.

कुजणाऱ्या दोऱ्या

सोमेश्वराच्या काळापासून अगदी १९३० च्या दशकापर्यंत जगभर गळाची दोरी एकाच ठिकाणाहून आली: झाडं आणि प्राणी. कापूस, ताग, जवसाच्या झाडाचा धागा म्हणजे लिनन. युरोपात घोड्याच्या शेपटीचे केस एकत्र पिळून दोरी करायचे, वॉल्टनच्या पुस्तकात हेच केस आहेत. आणि सगळ्यांत वरच्या दर्जाचं म्हणून रेशीम.

यातल्या प्रत्येकाचं दुखणं वेगळं. घोड्याचा केस शेपटीएवढाच लांब, त्यामुळे गाठींवर गाठी. रेशमाची वेणी दिसायला देखणी, पण पाणी प्यायली की जड होते. तिला जवसाचं तेल पाजावं लागायचं आणि घरी आल्यावर रिळावरून सगळी उलगडून वाळत घालावी लागायची. आळस केला तर पुढच्या वेळी हातात तुकडे. कापूस आणि लिनन यांचा एक गुण मात्र फार कमी जणांना माहीत असतो: ते ओले झाल्यावर जास्त मजबूत होतात. ओलं सूत, मजबूत! अमेरिकेत समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी लिननची दोरी विकली जायची ती पदरांच्या हिशोबाने. एका पदराला ओलेपणी साधारण तीन पौंड ताकद, म्हणजे नऊ पदरी दोरी सत्तावीस पौंडांची. 'किती पदरी?' हा प्रश्न तेव्हाचाच आहे.

गळाजवळच्या शेवटच्या तुकड्याला, ज्याला आज आपण लीडर म्हणतो, आणखी एक चीज वापरायचे. रेशमाचा किडा कोश विणायच्या बेतात आला, की त्याला शिरक्यात बुडवून त्याच्या पोटातली रेशमाची ग्रंथी बाहेर काढायची आणि हाताने ताणायची. पाण्यात जवळपास न दिसणारा, चिवट तंतू तयार. लांबी मात्र दीड-दोन वीत. स्पेनमधला मुर्सिया हा भाग या धंद्यासाठी प्रसिद्ध होता. जपानीत या तंतूला 'तेगुसु' म्हणतात आणि पुढे तोच शब्द गळाच्या कुठल्याही दोरीला लागला. आता आपल्याकडचा शब्द आठवा. मणी ओवायला, गजरा गुंफायला जो पारदर्शक दोरा आणतो, त्याला आपण काय म्हणतो? तंगूस. कानाला किती सारखं लागतं बघा.

रेशमाने आपल्याला अजून एक गोष्ट दिली: मोजायची पद्धत. धागा इतका बारीक की जाडी मोजायला पट्टी काय कामाची? म्हणून व्यापाऱ्यांनी लांबी ठरवली आणि वजन केलं. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. हा डेनियर लक्षात ठेवा, शेवटी पैसे वाचवणार आहे.

मुळा-मुठेतला मासा

आता पुण्यात येऊ. १८२४ च्या सुमारास विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायच्या कामावर होता. पिकं, लोकसंख्या, हवामान यांच्या जोडीने त्याने पक्षी आणि मासेही नोंदवले. माशांना शास्त्रीय नावं देताना त्याने स्थानिक नावंच उचलली आणि ती लॅटिनच्या साच्यात बसवली. त्याच्या यादीत 'पोटेल' आहे, 'कोलस' आहे, 'सँडखोल' आहे. आणि आहे 'खुद्री': आपला दख्खनी महाशीर, निळसर परांचा, अंगठ्याएवढ्या खवल्यांचा. १८३९ मध्ये साइक्सने त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. ज्या नमुन्यावरून ते केलं, तो मासा मुळा-मुठेतला होता. आज जगभरात कुठेही 'टोर खुद्री' हे नाव लिहिलं जातं, तेव्हा त्याचं मूळ गाव आपल्या पुण्याजवळचं असतं.

महाशीर म्हणजे भारतातल्या गळवाल्यांचा मानाचा मासा. मद्रास प्रांतातला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' लिहिलं आणि साहेबांच्या मनात महाशीर बसला. तो गळाला लागला की पहिल्याच धावेत दोरीची परीक्षा बघतो. दोरी कुजकी असेल तर संपलं. पण पुढे धरणं, सांडपाणी आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी यांनी नद्यांमधून तोच विरळ होत गेला. १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वीज प्रकल्पाच्या वळवण तलावापाशी मत्स्यतज्ज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुद्रीची कृत्रिम पैदास यशस्वी केली, तेव्हा लाखोंनी पिल्लं तयार व्हायला लागली.

हे सगळं दोरीच्या गोष्टीत का सांगतोय? कारण दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे हे विसरून दोरी निवडता येत नाही.

गिरणीतून आलेलं रील

दोरीइतकीच गंमत रीलची आहे. जुनं रील म्हणजे फिरणारं चाक. गळ फेकला की चाक गरगर फिरतं आणि दोरी सुटते. जड गळ असेल तर ठीक, पण दहा ग्रॅमचं आमिष एवढं चाक फिरवणार कसं?

१८८४ मध्ये स्कॉटलंडमधल्या पर्थच्या मॅलॉक नावाच्या माणसाने चाक आडवं वळवून दोरी त्याच्या कडेवरून सोडायची युक्ती काढली. पण खरी उडी १९०५ मधली, अल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थची. हा गृहस्थ कुठला? ब्रॅडफर्डचा, म्हणजे इंग्लंडातल्या लोकरीच्या गिरण्यांच्या गावचा, आणि स्वतः गिरणीमालक. गिरणीत कांडीवरचं सूत कांडी न फिरवता टोकाकडून सरसर सुटत येतं, हे तो रोज बघत होता. त्याने तीच कांडी रीलमध्ये बसवली. कांडी स्थिर, दोरी तिच्या काठावरून वेटोळी सोडत जाते. हेच आजचं स्पिनिंग रील. इचलकरंजीच्या किंवा सोलापूरच्या मागावर ज्याने कांडी बघितलीय त्याला हे रील समजावून सांगावं लागत नाही.

आता यातली मेख बघा. दोरी काठावरून वेटोळ्याने सुटते, म्हणून प्रत्येक वेटोळ्याला तिच्यात पीळ पडतो. म्हणजे या रीलला हवी बारीक, मऊ, गुळगुळीत दोरी. ओलं होऊन फुगलेलं रेशीम इथे त्रास देतं. थोडक्यात हार्डवेअर आलं १९०५ मध्ये, पण त्याच्या लायकीचं सॉफ्टवेअर यायला पुढची तीसेक वर्षं गेली.

नायलॉन, म्हणजे तंगूस

फेब्रुवारी १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झालं. १९३८ मध्ये ते टूथब्रशच्या दातांच्या रूपाने बाजारात आलं, १९४० मध्ये बायकांच्या मोज्यांतून. मग महायुद्धात सगळं नायलॉन पॅराशूटला गेलं. युद्ध संपल्यावर मात्र नायलॉनचा एकसंध तंतू गळाच्या दोरीवर राज्य करायला लागला. १९४८ मध्ये फ्रान्समधलं मिचेल नावाचं स्पिनिंग रील बाजारात आलं आणि जोडी जमली. आता सामान्य पगारदार माणूससुद्धा रविवारी हलकं आमिष लांब फेकू शकत होता.

नायलॉनने काय दिलं? हवी तेवढी लांबी. वाळवायची कटकट नाही. पाण्यात दिसत नाही. कुजत नाही. आणि घेतलं काय? ते ताणलं जातं, तुटण्याआधी वीस-तीस टक्के. पन्नास मीटरवर माशाने आमिषाला तोंड लावलं, की ती बातमी तुमच्या हाताला उशिरा आणि अर्धवट येते. शिवाय कापसाच्या उलट, नायलॉन ओलं झालं की थोडं कमजोर होतं.

हा बदल फक्त शौकिनांपुरता नव्हता. सुती जाळी वापरणाऱ्या कोळी-भोई लोकांचं आयुष्य नायलॉनने बदललं, कारण जाळं वाळवणं आणि सांधणं यात जाणारे दिवस वाचले. या गोष्टीत पुण्याचं नाव पुन्हा येतं. आबासाहेब गरवारे यांच्या उद्योगसमूहाने १९७६ मध्ये गरवारे-वॉल रोप्स सुरू केली. दोर आणि मासेमारीची जाळी बनवणारी ही कंपनी आज गरवारे टेक्निकल फायबर्स म्हणून ओळखली जाते. ती चिंचवड आणि वाईसारख्या गावांत, समुद्रापासून घाट चढून वर, कोळ्यांची जाळी विणते.

पिशवीच्या जातीचा, पोलादाहून चिवट

आता आपली ब्रेड. बाजारात हिला 'पीई' म्हणतात. पीई म्हणजे पॉलिथिन. हो, तेच, दुधाच्या पिशवीच्या जातीचं. मग पिशवी बोटाने फाटते आणि ही दोरी बोट कापते, असं कसं?

फरक आहे रेणूच्या लांबीत आणि गुंत्यात. दोरीच्या पॉलिथिनचे रेणू प्रचंड लांब असतात. लांब रेणू म्हणजे ताकद, पण लांब रेणू म्हणजे गुंताही, खिशात कोंबलेल्या वायरच्या इअरफोनसारखा. गुंता असेल तर ओढल्यावर सगळे रेणू एकत्र जोर लावत नाहीत. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी यावर तोडगा काढला. पॉलिथिन भरपूर द्रावकात विरघळवायचं. शेवया कमी पाण्यात शिजवल्या तर गोळा होतो, भरपूर पाण्यात सुट्या राहतात, तसे रेणू सुटतात. मग बारीक छिद्रातून तो द्रव सोडून थंड करायचा, जेलीसारखा धागा करायचा आणि कित्येक पट ताणायचा. सगळे रेणू एका दिशेने ओळीत उभे राहतात. वजनाला वजन धरलं तर पोलादापेक्षा कितीतरी पट मजबूत धागा मिळतो. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्याचीच व्यापारी नावं. आपल्या पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही पॉलिमरच्या अशा लांब साखळ्या कशा वागतात यावर अनेक वर्षं काम चाललंय. हे शास्त्र परकं नाही.

मग याची वेणी का घालायची? कारण हे तंतू केसाहून बारीक निघतात. त्यांचा जाड एकसंध तंतू होत नाही. म्हणून पुन्हा जुनी विद्या: पदर घ्या, वेणी घाला. १९९० च्या दशकात ही वेणी गळवाल्यांच्या हातात आली आणि नव्वद वर्षं वाट बघणाऱ्या इलिंगवर्थच्या रीलला त्याची दोरी मिळाली.

ही दोरी जेमतेम तीन-चार टक्के ताणली जाते, त्यामुळे माशाने आमिष नुसतं चाखलं तरी बोटाला कळतं. पाण्यापेक्षा हलकी आहे, तरंगते. पाणी पीत नाही. आणि घेते काय? गुळगुळीत असल्याने साधी गाठ सरकते. सुमारे दीडशे अंशांना वितळते, नायलॉन दोनशेच्या वर टिकतं, म्हणून गाठ कोरडी आवळली तर घर्षणानेच ती भाजते. पाण्यात स्पष्ट दिसते. कालवं लागलेल्या खडकावर घासली की कापसासारखी उलगडते. आणि ताण सोसून घेत नसल्याने प्रत्येक झटका थेट माशाच्या तोंडावर आणि तुमच्या काठीवर जातो.

तर मग कुठली घ्यायची?

आता दुकानात चला. इतिहास हातात आहे, वापरू.

पहिलं, आकडा वाचा. पाकिटावर 'पीई १', 'पीई २' असं असतं. जपानी मापाप्रमाणे पीई १ म्हणजे २०० डेनियर. रेशमाचा तोच डेनियर! म्हणजे १५० मीटर पीई १ चं वजन सुमारे ३.३ ग्रॅम, ३०० मीटर पीई २ चं सुमारे १३.३ ग्रॅम. रंग आणि लेपाचे थोडे जास्त धरा. लाइन रीलवर भरण्याआधी आणि नंतर रिकामं रीळ छोट्या डिजिटल काट्यावर ठेवा. वजन दुप्पट निघालं तर तुम्हाला दाखवली बारीक आणि दिली जाड.

दुसरं, ताकदीचे दावे तपासा. समजा लिहिलंय '०.१० मिमी, ३० किलो'. या जाडीच्या भरीव धाग्याला ३० किलो पेलायचे तर तो सगळ्यात चांगल्या पीई धाग्याच्याही दहापट मजबूत हवा. प्रत्यक्षात ०.१० मिमीला तीन किलोच्या आसपास ताकद शक्य आहे. बाकीचं छापखान्याचं कौशल्य.

तिसरं, चार की आठ. तेवढ्याच जाडीत चार पदर म्हणजे प्रत्येक पदर जाड. दोरी थोडी खरबरीत, कड्यांतून जाताना आवाज करते, पण घासणं जास्त सोसते आणि स्वस्त असते. आठ पदर म्हणजे गोल, गुळगुळीत, लांब जाणारी, शांत, आणि महाग. मोकळ्या पाण्यात हलकं आमिष लांब फेकायचं असेल तर आठ. झुडपं, दगड, पाणवनस्पती असतील तर चार.

चौथं, आकार. धरणाच्या पाण्यात चिलापी किंवा मध्यम रोहू असेल, तर २५०० आकाराच्या रीलवर पीई ०.८ ते १.२ पुरते. मरळ पाणवनस्पतीतून ओढून काढायची असेल तर पीई ३ च्या खाली जाऊ नका. कोकणात खडकावरून जिताडा किंवा तांबोशी असेल तर ४००० चं रील, पीई २ च्या आसपास आणि पुढे चांगली लांब नायलॉन किंवा फ्लुओरोकार्बनची लीडर. ती लीडर म्हणजे आजची तेगुसुच: कमी दिसणारी, घासणं सोसणारी.

पाचवं, भरताना आधी थोडं नायलॉन गुंडाळा, नाहीतर गुळगुळीत ब्रेड कांडीवर फिरत राहते आणि ब्रेक लावूनही मासा दोरी नेतच राहतो. घट्ट भरा, काठापासून दोन-तीन मिमी खाली थांबा. फेकल्यावर तार हाताने बंद करा, पीळ कमी पडतो. गाठ थुंकी लावून आवळा. ब्रेक म्हणजे ड्रॅग, तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा. सामान मोजायचा लटकता काटा यासाठी उत्तम.

आणि आता राहिलेला हिशोब

मघाशी म्हणालो होतो, एक गोष्ट आपण सगळ्यात शेवटी सोडली. ती म्हणजे कुजणं.

आठशे वर्षं प्रत्येकाने कुजणं हा दोष मानला आणि बरोबरच मानला. पण तो दोष एक काम गुपचूप करत होता. कापसाची दोरी तुटून नदीत राहिली तर नदी तिला खाऊन टाकायची. एखाद्या बगळ्याचा पाय अडकला तरी दोरी काही महिन्यांत ढिली पडायची. नायलॉन आणि पीईला नदी खाऊ शकत नाही. तुटलेली पन्नास मीटर ब्रेड दगडाला अडकून तिथेच राहते, आणि ती पातळ, न ताणली जाणारी, कापणारी असते.

पुण्यात हे समजावून सांगायची गरजच नाही. संक्रांतीच्या दिवसांत दुचाकीवर गळ्याला मफलर गुंडाळून पूल ओलांडणारी माणसं आपण बघतो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉनच्या आणि तशाच कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. झाडावर लटकलेला मांजा आपल्याला दिसतो म्हणून राग येतो. पाण्याखालचा दिसत नाही, एवढाच फरक.

म्हणून ब्रेड निवडताना 'किती किलोला तुटणार नाही?' याच्याआधी विचारायचा प्रश्न हा: 'तुटलीच, तर कुठे तुटावी?' उत्तर एकच, गळाजवळ. म्हणजे लीडर ब्रेडपेक्षा थोडी कमी ताकदीची ठेवा. ब्रेड दहा किलोची, तर लीडर सहा-सातची. गळ दगडात अडकला की तुकडा जाईल तो हातभर, पन्नास मीटर नाही. खडकावर लीडर जाड लागते तिथे ब्रेडही त्या हिशोबाने वर न्या. अडकलेली दोरी हाताला गुंडाळून ओढू नका, बोट जाईल. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा. आणि फार बारीक दोरीने मर्दुमकी दाखवू नका. मोठा मासा अर्धा तास दमवून सोडला, तर पोहत जातो असं आपल्याला वाटतं, पण दमलेला मासा पुढे जगेलच असं नाही. खुद्रीसारखा मासा लागला तर लवकर आणा, पाण्यातच ठेवा, लवकर सोडा.

जुनी लाइन काढली की तशीच कचऱ्यात टाकायची नाही. कात्रीने वीतभर तुकडे करा, चिकटपट्टीत गुंडाळा, मग सुक्या कचऱ्यात. तो कचरा कोणीतरी हाताने वेगळा करतं.

सोमेश्वराच्या काळी दोरीचा शेवट नदी करायची. आता तो आपल्याला करावा लागतो. बाकी चार की आठ, हा तुमच्या खिशाचा प्रश्न.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत पाण्यावर जाताना त्या धरणाच्या परवानगीचं आधी बघा आणि येताना दुसऱ्याची राहिलेली दोरीही उचलून आणा.